चौफुलीवरची पाठ

"टेकू नका! अहो, टेकू नका तिथं… चीक आहे!"

कामिनी ओरडली तेव्हा केळीच्या बागेत खोटा पाऊस पडत होता. तुषार सिंचनाच्या तोट्या बांबूंना उंच बांधून पाणी सोडलेलं, खाली मुंबईहून आलेली मॉडेल अंजिरी रेशमी साडीत चिंब उभी, आणि एप्रिलचं ऊन त्या पाण्यातूनही चटके देत होतं. फोटोग्राफरनं मॉडेलला नुकतंच सांगितलं होतं, त्या केळीच्या खांबाला पाठ टेकव, मान जराशी मागं टाक. त्या केळीचा घड सकाळीच उतरवला होता. कापल्या जागेतून चिकाचे ओघळ खाली आले होते आणि पाण्यात मिसळून दिसेनासे झाले होते.

कामिनीनं धावत जाऊन मॉडेलला दंडाला धरून पुढं ओढलं. मॉडेल वाचली, साडी वाचली. कामिनी मात्र तोल जाऊन स्वतःच खांबावर आदळली.

"झालं! घालवली फ्रेम," कॅमेऱ्यामागून आवाज आला.

"साडी वाचवली," कामिनी म्हणाली.

"पाण्यानं गेला असता की डाग."

"केळीचा चीक? पाण्यानं?" तिनं चेहऱ्यावरचे ओले केस मागं सारले. "कुठले हो तुम्ही?"

"धुळ्याचा."

"तरीच!"

कॅमेरा खाली आला. मागून एक सावळा, किडकिडीत, तीन दिवसांची दाढी वाढलेला चेहरा निघाला. रागवायच्या तयारीत होता, पण राग मधेच कुठं तरी विसरला.

"तुमच्या ड्रेसला लागला की."

"हा गेला आता कामातून. माझी मावशी म्हणते, एक वेळ नवरा सुटेल, केळीचा चीक सुटायचा नाही."

"मग भरपाई करायला पाहिजे…"

"राहू द्या भाऊ, जुनाच आहे."

"भाऊ नको."

"आँ?"

"भाऊ म्हणू नका. बाकी काहीही चालेल."

"आपल्याकडे अनोळखी माणसाला भाऊच म्हणतात."

"आणि ओळखीच्याला?"

कामिनीनं दोन पिना तोंडात धरल्या आणि मॉडेलच्या निऱ्या नीट करायला खाली बसली. तोंडात पिना असल्या की उत्तर द्यावं लागत नाही, हा तिच्या धंद्यातला एक फायदा होता.

आता इथंच सांगून टाकलेलं बरं, या गोष्टीचा शेवट गोड नाही. ज्यांना गोड शेवट हवा असेल त्यांनी या पिनांपाशीच थांबावं. इथपर्यंत सगळं छान होतं.

कामिनी यावल तालुक्यातली, केळीवाल्यांच्या घरातली. बी.ए. झाल्यावर जळगावला मावशीकडे राहायला आली. मावशी सुगंधाबाई ब्लाउज शिवायची, कामिनी साड्या नेसवायची. लग्नसराईत नवरीच्या शालूच्या निऱ्या आदल्या दिवशीच इस्त्री करून, पिना लावून, घडी घालून ठेवायच्या आणि सकाळी जाऊन दहा मिनिटांत नेसवून यायचं. हात इतका सुबक की सहा तास लग्नात नाचलेल्या नवरीचा पदर जागचा हलत नसे. त्या दिवशी सुरतेची नेसवणारी आजारी पडली, म्हणून साडीवाल्या देवचंदशेठनं हिला बोलावलं होतं.

या फोटोग्राफरचं, हेमराजचं नाव मात्र तिनं आधीच ऐकलं होतं. कुणी ऐकलं नव्हतं? दोन वर्षांपूर्वी त्यानं धुळ्यात एका ब्लाउजच्या दुकानासाठी एक फलक केला. त्यात पाठमोरी बसलेली नवरी आणि तिच्या ब्लाउजची सुटलेली नाडी… बस, एवढंच. तिसऱ्या दिवशी त्याच्यावर कुणी तरी डांबर फेकलं, चौथ्या दिवशी पेपरात बातमी आली आणि आठव्या दिवशी त्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. तेव्हापासून खानदेशातल्या व्यापाऱ्यांना उमगलं की शिव्या खाणारा फोटो गिऱ्हाईक घेऊन येतो. घरात सुनेचा पदर डोक्यावरून ढळू न देणारे शेठ हेमराजला हळूच सांगत, "जरा खळबळ होऊ द्या." आणि तो होऊ देई.

त्या बागेतल्या दिवसानंतर त्याला दुसरी कुणी नेसवणारी चालेना. चाळीसगावला सोन्याच्या दुकानाचं काम, कामिनीला बोलवा. पिंपळनेरला डोंगराच्या पायथ्याशी पैठण्या, कामिनीला बोलवा. मावशी मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "त्या धुळ्यावाल्याले साड्या नेसवाले पाह्यजेत का तू पाह्यजे, ते एकदा इचारून घे वं."

"काहीतरीच काय मावशी!"

"काहीतरीच नसते. मी नाड्या शिवते, मले माहीत हाये कोनची गाठ कशाची."

मेकअपला दोन-दोन तास लागत. तोवर मॉडेलच्या जागी कुणी तरी उभं राहायचं, म्हणजे दिवे कुठं लावायचे ते ठरतं. ते काम हळूहळू कामिनीकडेच आलं. ती पाठमोरी उभी राही आणि तो मागून सांगत राही. जरा डावीकडे… हनुवटी खाली… श्वास घे, अशी लाकडासारखी काय उभी! मग दिव्याचे ते फोटो तो तिच्यासमोर पुसून टाकी. "गेलीस बघ," म्हणे. आणि ती म्हणे, "बरं झालं, तुझ्या कॅमेऱ्यात फार उकडतं." 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

"सगळ्यांच्या पाठीच का काढतोस रे?" एकदा पारोळ्याच्या ढाब्यावर शेवभाजी खाताना तिनं विचारलं.

"चेहरा पोझ देतो. माणसाला कळलं ना की फोटो निघतोय, की चेहरा लगेच दुकान मांडून बसतो. पाठीला ते जमत नाही."

"म्हणून तू कुणाला विचारत नाहीस?"

"विचारलं की संपलं. मग तो फोटो माझा नाही राहत, त्यांचा होतो."

ती हसली. त्याच्या ताटातला कांदा उचलून तिनं आपल्या ताटात घेतला. प्रेमात पडलेल्या माणसाला कुणी समोर बसून आपली खोडच्या खोड उलगडून दाखवली, तरी त्याला ती खोड वाटत नाही, गुणच वाटतो. कामिनीला तर त्या वेळी त्याच्या दाढीला लागलेला तर्रीचा थेंबही गोड वाटत होता.

खूश असला की तो अहिराणीत शिरायचा. तिची बोली वेगळी, त्याची वेगळी. तो म्हणे, "देख ना इकडे!" ती म्हणे, "पाह्यते ना!" आणि दोघं एकमेकांची नक्कल करत हसत सुटत. श्रावणात तिच्या घरी कानबाई देवी बसली. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली तर त्यानं पुढं हात पसरला.

"रोट?"

"रोटाचा प्रसाद बाहेरच्याला देत नाहीत. घरच्यांनीच खायचा असतो, माहीत नाही का? धुळ्यात कानबाई नसते वाटतं!"

"शे ना. म्हणून तर मांगी ऱ्हायनू." तो हसला. "मी बाहेरचा का?"

"मग कोण?"

"तूच सांग."

"मी कशी सांगू…" तिनं इस्त्रीचं बटण उगाचच वर-खाली केलं. "ज्यानं विचारायचं त्यानं विचारावं."

तो क्षणभर तिच्याकडे पाहत राहिला. मग त्यानं कॅमेरा उचलला आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडाबद्दल काही तरी बोलू लागला. कामिनीनं मनाला समजावलं, घाई कशाला, बोलेल. दिवाळी गेली, संक्रांत गेली. तो बघायचा मात्र असा की दिवसभर पाठीवर ऊन पडल्यासारखं वाटायचं. नुसत्या बघण्यावर बाईनं किती दिवस काढायचे, याचा हिशोब कुठल्याच पंचांगात नसतो.

फेब्रुवारीत तिच्या वडिलांनी, आबांनी निरोप पाठवला. भुसावळचा मुलगा, रेल्वेत नोकरी, रविवारी बघायला येणार.

त्याच आठवड्यात गुरुवारी देवचंदशेठच्या दालनात, वरच्या मजल्यावर, लग्नसराईच्या मोठ्या फलकाचं काम होतं. मॉडेल शेजारच्या खोलीत मेकअपला बसलेली. शालू डाळिंबी, ब्लाउज मागून जवळजवळ नाहीच, नुसती एक नाडी. हेमराज सकाळपासून दिव्यांशी झगडत होता.

"कापडावर पडून कळत नाही," तो म्हणाला. "कातडीवर कसा पडतो ते बघायचंय. कामिनी… तू ते ब्लाउज घालून उभी राहशील? फक्त लाइटपुरतं. बाकी कुणी येणार नाही वर."

एरवी ती खांद्यावर पंचा टाकून उभी राहायची. त्या दिवशी तिनं पंचा बाजूला ठेवला आणि ती पडद्याआड गेली. त्याच्यावर तिचा विश्वास होता. शिवाय तिला त्याच्याशी बोलायचं होतं, आणि तोंडावर बोलण्यापेक्षा पाठ करून बोलणं सोपं जाईल असं तिला वाटलं. शालू नेसून, केस पुढं घेऊन, ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पंख्याचा वारा नाडीच्या गोंड्याला लागत होता.

"हेमराज."

"हं. हलू नको."

"रविवारी पाहुणे येणार आहेत. मला बघायला."

मागं दिव्याचा स्टँड सरकवल्याचा आवाज आला. मग तोही थांबला.

"मुलगा चांगला आहे म्हणतात. आई खूश आहे. मला हो म्हणायचं नाहीये…" तिचा आवाज बारीक झाला. "पण नाही म्हणायला काही तरी कारण पाहिजे ना. आबांना मी काय सांगू? कुणाचं नाव सांगू?"

तो काही बोलला नाही. ती थांबली. आयुष्यात ती कधी इतकी थांबली नव्हती. तिचे खांदे आपोआप किंचित वर आले, मान जराशी कलली, कान मागच्या शांततेकडे लागले. आता बोलेल… आता…

कॅमेऱ्याचा खट् आवाज झाला. एकदाच.

"झालं," तो म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता.

ती वळली. त्याचे डोळे भरून आल्यासारखे दिसले, आणि तिला वाटलं, आता. इतक्यात शेठचा फोन वाजला. शेठ खाली गाडीत बसून विचारत होते, फोटो कधी मिळणार. हेमराज फोन कानाला लावून जिन्याकडे गेला. जाता जाता त्यानं हातानं खूण केली, बोलू आपण, बोलू. दिव्याचा फोटो त्यानं तिच्यासमोर पुसला नव्हता, पण तिच्या ते ध्यानातही आलं नाही. ती दुसऱ्याच गोष्टीची वाट बघत होती.

संध्याकाळी त्याला लगेच धुळ्याला जावं लागलं. रविवारी पाहुणे आले, पोहे खाऊन, पसंती सांगून गेले. कामिनीनं आबांकडून आठ दिवस मागून घेतले. सोमवारी तिनं फोन केला.

"एडिटिंगमध्ये अडकलोय गं. दोन दिवस दे. मग निवांत बोलू."

"नक्की?"

"नक्की. कामिनी… फार चांगलं काही तरी झालंय माझ्या हातून. तू बघशीलच."

त्या वाक्याचाही तिनं आपल्याला हवा तसाच अर्थ लावला.

गुरुवारी सकाळी ती इस्त्री केलेल्या तीन साड्या मांडीवर घेऊन रिक्षानं निघाली होती. अजिंठा चौफुलीवर सिग्नलला रिक्षा थांबली आणि तिनं सहज वर पाहिलं.

चाळीस फुटांची तिची पाठ होती.

पहिल्या क्षणी तिला लाज वाटली नाही. खोटं कशाला बोला… पहिल्या क्षणी तिला वाटलं, केवढी सुंदर आहे ही. उजेड मानेवरून खाली उतरला होता, खांदे किंचित उचललेले होते, मान कललेली. त्या बाईला जगातलं दुसरं काही ऐकू येत नाहीये, ती एकाच माणसाच्या एका शब्दासाठी कान देऊन उभी आहे, हे रस्त्यावरच्या आंधळ्यालाही दिसलं असतं. बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'तो येईपर्यंत…' आणि खाली, 'देवचंद शालू महोत्सव. प्रत्येक खरेदीवर हमखास भेट.'

मग तिला तो डाग दिसला.

कामिनी पोटात असताना द्रौपदाबाईनं ग्रहणात केळीचं पान कापलं, आणि चीक पोरीच्या पाठीला लागला, असं गावातल्या बाया सांगत. डाव्या खांद्याखाली काळपट, पानाच्या टोकाएवढा डाग. लहानपणी विहिरीवर अंघोळ घालताना साऱ्या आळीनं पाहिलेला. कामिनी हे नाव गावात एखाद्याला ठाऊक नसेल, पण 'चीक लागलेली पोर' सगळ्यांना ठाऊक होती. हेमराज मॉडेलच्या पाठीवरचा तीळसुद्धा ठेवत नसे, दोन मिनिटांत पुसून टाकी. हा डाग त्यानं ठेवला होता.

दुपारी आईचा फोन आला.

"कामे, मोबाइलवर फोटू आला. साऱ्या गावाले आला."

"आई…"

"तुही पाठ हाये ना वं ते?"

"चेहरा कुठं आहे त्यात…"

"मी धुतली तुही पाठ बारा वरसं. मले चेहरा काय करायचा?" द्रौपदाबाई रडत नव्हती, म्हणून ते ऐकणं जास्त जड जात होतं. "आबा सकाळपासून बागेतून घरी नाही आले. जेवाले बलावलं तर म्हनतात, भूक नाही."

शुक्रवारी भुसावळहून निरोप आला, पत्रिका जुळत नाही. आधी जुळली होती. नेसवण्याची दोन कामं रद्द झाली. एका नवरीच्या आईनं स्वच्छच सांगितलं, "आमच्याकडे मोठी मंडळी असतात बाई." हेमराजवर कुणी काही बोललं नाही. उलट चौफुलीवर लोक गाड्या थांबवून फोटो काढत होते आणि शेठच्या दालनात टोकन देऊन आत सोडत होते.

मावशीनं दोन दिवस मशीनला हात लावला नाही. शनिवारी सकाळी तिनं भाकरी बांधून दिली आणि म्हणाली, "जा. एकदा त्याच्या तोंडून ऐकून ये. नाही तं जल्मभर स्वतःच उत्तरं देत बसशील."

एरंडोल, पारोळा, धुळे. बसमध्ये गरम वारा येत होता. कामिनीनं मनातल्या मनात वीस वेळा भांडण केलं आणि वीसही वेळा ते शेवटी त्याच्या छातीवर डोकं ठेवून संपलं. देवपुरातल्या त्याच्या स्टुडिओचा जिना चढताना तिला स्वतःचाच संताप आला. एवढं होऊनही आपण आशा घेऊन आलोय हे तिला पायरीपायरीला कळत होतं.

त्यानं दार उघडलं. झोप नसलेले डोळे, तीच दाढी.

"मी येणारच होतो," तो म्हणाला.

"कधी?"

तो बाजूला झाला. आत भिंतीवर तोच फोटो लावलेला होता, लहान, अक्षरांशिवाय. शालू महोत्सव काढून टाकल्यावर तो आणखीनच खरा वाटत होता.

"शेठनी निवडला," हेमराज म्हणाला. "मी त्यांना मॉडेलचे पाठवले होते. चुकून हा त्यात गेला."

"चुकून?"

तो खाली बघत राहिला. "नाही. चुकून नाही. मला बघायचं होतं दुसऱ्या कुणाला दिसतं का. शेठनं दुसऱ्या कशावर बोटच ठेवलं नाही."

"मला विचारायचं होतंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"डाग का नाही पुसलास? तेवढा पुसला असतास तर कुणाला कळलंही नसतं."

"पुसून बघितला. मग ती तू राहिली नाहीस. कुणीही झालीस. माझा हात चालेना गं." तो जवळ आला, पण हात लावायचं धाडस त्याला झालं नाही. "आजपर्यंत एवढ्या पाठी काढल्या, सगळं दुकान होतं. हा एकच फोटो मी… हा मी प्रेमानं काढलाय, कामिनी. माझं प्रेम आहे तुझ्यावर. त्या केळीच्या बागेपासून."

वर्षभर जे ऐकायला ती झुरली होती ते असं आलं, दुपारी बारा वाजता, बंद पंख्याखाली. आणि ऐकून तिला आनंद झाला, हेच तिला सहन झालं नाही. ती स्टुलावर बसली.

"मग त्या दिवशी का नाही बोललास? मी विचारत होते. मी उभी राहून विचारत होते, कुणाचं नाव सांगू."

"मला ऐकू आलं होतं."

"मग?"

"उत्तर तोंडाशी आलं होतं. माझं नाव सांग, असं म्हणणार होतो." त्यानं भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, आणि खोटं बोलणं त्याला येत नव्हतं म्हणून त्यानं खरंच सांगितलं. "पण मी बोललो असतो तर तुझे खांदे खाली आले असते. फ्रेम गेली असती."

खाली रस्त्यावर एक कुल्फीवाला घंटा वाजवत गेला.

"एका फोटोपुरतं थांबलास," ती म्हणाली.

"एक सेकंद. फक्त एक सेकंद, कामिनी."

"आणि नंतर? फोटो झाल्यावर?"

"नंतर…" तो ओशाळला. "नंतर शेठचा फोन आला."

ती हसली. तिला हसू आवरेना. एवढ्या मोठ्या दुःखाचं कारण एवढंसं निघावं, याचं तिला नवल वाटत होतं.

"देख," तो एकदम गुडघ्यावर बसला आणि बोली बदलली, "माले बोलता येत नही. माले फक्त देखता येस. पण आते बोली ऱ्हायनू. लगीन करसी मनासंगे? मुंबईहून काम आलंय, मोठं. तुझ्या आबांकडे येतो, त्यांच्या पाया पडतो. फलक उद्या उतरवायला लावतो. शेठ गेला उडत!"

कामिनीनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तो खरं बोलत होता. मुंबईला घर झालं असतं, संसार झाला असता, आबाही आज ना उद्या निवळले असते. आणि मग कधी तरी तिचं मूल तापानं फणफणलं असतं, कधी ती स्वतः आईच्या मरणाची बातमी हातात घेऊन दारात उभी राहिली असती, आणि हा एक सेकंद थांबला असता. त्या एका सेकंदात ती जगातली सगळ्यात एकटी बाई झाली असती. त्याला ते कळलंही नसतं. त्याला नंतर खूप वाईट वाटलं असतं.

"फलक राहू दे," ती म्हणाली. "त्यात मी खोटी नाहीये."

"कामिनी, नाही म्हणू नको."

"फोटोचं विचारलं असतंस तर मी हो म्हणाले असते, हेमराज. डागासकट." तिनं ओढणीनं डोळे पुसले. "लग्नाचंही त्याच दिवशी विचारलं असतंस तर हो म्हणाले असते. तुला दोन्ही मिळालं असतं रे… तू फक्त विचारायचं होतंस."

तो गुडघ्यावर तसाच बसून राहिला. ती उठली, जिना उतरली. कोपऱ्यावर वळेपर्यंत तिनं मागं पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर ती परत गेली असती. तिचं प्रेम तसूभरही कमी झालेलं नव्हतं. कमी झालं असतं तर पुढचे तीन महिने एवढे वाईट गेले नसते.

ती जळगावातच राहिली. आबा हळूहळू फोनवर बोलू लागले, आधी पावसापाण्याचं, मग तब्येतीचं. कामं पुन्हा येऊ लागली, कारण पदर जागेवर राहायला हवा असेल तर कामिनीला बोलवण्याशिवाय इलाज नव्हता. हेमराज मुंबईला गेल्याचं तिला देवचंदशेठकडून समजलं. त्यानं दोनदा फोन केला. तिनं तो वाजू दिला.

आधी चौफुली आली की ती रिक्षात मान खाली घालायची. धुळ्याहून आल्यावर मात्र ती वर बघू लागली. मग लवकर निघून चौफुलीवरून जाणारी लांबची वाट धरू लागली. तिथं पाठ तिची होती, पण बघणारा तो होता. सबंध शहरात तेवढी एकच जागा होती जिथं तो अजून तिच्याकडे बघत होता, आणि सिग्नलच्या त्या साठ सेकंदांत ती त्याला बघू द्यायची.

मे संपता संपता लग्नसराई सरली. एका सकाळी ती तिथं पोचली तेव्हा वर दोन माणसं दोर सोडून बसली होती आणि फ्लेक्स अर्धा खाली आला होता. मान गेली होती, खांदे लोंबत होते. मागून कुठल्या तरी कोचिंग क्लासची हसरी मुलं दिसू लागली होती. कामिनी रिक्षा थांबवून उतरली. खाली गुंडाळी करणाऱ्या म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं.

"पाह्यजे का ताई? जाड शे. पानी लागाना आगोदर कडबावर टाका, दोन वरीस काही व्हत नही. बठ्ठा शेतकरी लोके लई जातस."

त्यानं गुंडाळी जराशी उलगडून दाखवली. उन्हानं रंग उडाला होता. डाग कुठला आणि धूळ कुठली, ते आता ओळखू येत नव्हतं.

"नको, नाना," ती म्हणाली. "आमच्याकडे झाकायला काही नाही."

ती परत रिक्षात बसली. साड्या मांडीवर घेतल्या, पुढं बघितलं आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा हुंदके देऊन रडली. रिक्षावाल्यानं आरशातून एकदा पाहिलं, रिक्षा कडेला घेतली आणि वळून विचारलं, "काय झालं ताई?"

तेवढ्यानं तिला आणखीच रडू आलं.